देवबागच्या किनाऱ्याची धूप क्यूजीआयएसवर मोजताना: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, ते मालवणजवळचं आमचं देवबाग. धूप किती झाली यावर इथे रोज वाद, म्हणून पावसाळ्याआधी क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं. सॉफ्टवेअर फुकट, युरोपच्या सेंटिनेल-२ची उपग्रहचित्रंही फुकट. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, तेवढं यूटीएम ४३ उत्तर (आपल्या भागाचं, मीटरमध्ये मोजणारं) ठेवा, नाहीतर लांबी अंशांत येते.

पण सेंटिनेल-२चा एक ठिपका १० मीटरचा, लँडसॅट या जुन्या अमेरिकी उपग्रहमालिकेचा ३०. म्हणजे यंदा कुणाची माडाची एक रांग गेली, तर ती चित्रात सापडणार नाही. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं मात्र १९८०च्या दशकापासूनची आहेत. खाडीच्या मुखाशी वाळूचं टोक कुठून कुठे सरकलं ते बघायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही.

सगळ्यात मोठी गोची भरती-ओहोटीची. उपग्रह येतो सकाळी साधारण त्याच वेळेला, पण त्या दिवशी उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती), हे त्याला काय ठाऊक! पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाणी एक मीटर चढलं की पाण्याची रेघ पन्नास मीटर आत येते. दोन तारखांच्या अशा रेघा एकमेकींवर ठेवून ‘किनारा गेला’ म्हणणारे नकाशे मोबाईलवर फिरतात, त्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी सुरूच्या बनाची कड धरतो. ती भरतीबरोबर हलत नाही.

ऋतूही सांभाळावा लागतो. पावसाळ्यात वाळू जाते, दिवाळीनंतर बरीचशी परत येते. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्यांना हे कुणी शिकवायला नको. म्हणून मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच. जून ते सप्टेंबर तर ढगांमुळे चित्रं जवळपास निरुपयोगीच. सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार ढगांपलीकडे बघतं, पण खवळलेल्या पाण्यात वाळूची कड नीट उमटत नाही. त्या दिवसांत फोनवर क्यूफील्ड (क्यूजीआयएसला जोडलेलं मोबाईल ॲप) चालू करून कडेकडेने चालायचं. उघड्यावर फोनच्या जीपीएसमध्ये तीन ते पाच मीटरची चूक धरून चाला.

बंधाऱ्यापाशी मात्र हे सगळं तोकडं पडतं. दगड टाकले की कड जागची हलत नाही, नकाशा ‘स्थिर’ म्हणतो, आणि बंधाऱ्यासमोरची वाळू खाली खाली जात राहते. वरून काढलेल्या साध्या चित्रात उंची कुठून दिसणार? त्यासाठी मी दगडावर रंगाची खूण केली आहे. अमावास्येच्या ओहोटीला खुणेपासून वाळूपर्यंत टेप लावतो आणि आकडा क्यूजीआयएसमधल्या नकाशाच्या तक्त्यात भरतो. धूपप्रतिबंधक कामाची मागणी करताना ग्रामपंचायतीने नकाशासोबत हा तक्ताही जोडावा, असं माझं मत आहे.