मुंबई–दुबई विमानप्रवास: नऊ महिने, नऊ फेऱ्या आणि एक वही

तिकिटावर निघायची वेळ रात्री ९, पोचायची १०.४५. आईने वाचलं आणि म्हणाली, "पावणेदोन तासांत दुबई? मग पुणंच लांब पडतं की रे!" परतीचं पाहून मात्र डोळे बारीक केले. रात्री १० ला निघून २.३५ ला मुंबई. "येताना वाटेत कुठे थांबता का?" दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, हे समजावेपर्यंत माझा चहा गार झाला. म्हणजे खरे जाताना सव्वातीन तास, येताना तीन तास पाच मिनिटं.

कामासाठी नोव्हेंबर ते जुलै, दर महिन्याला एक फेरी झाली. हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर, ते काही बदलत नाही. वेळ मात्र दर खेपेला वेगळी. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते आणि त्यात थोडी सैल बाजू धरलेली असते. म्हणूनच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान कधीकधी दहाच मिनिटं उशिरा पोचतं.

मी चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतची वेळ वहीत लिहायला लागलो. (बायको याला 'हिशेबनीसपणा' म्हणते.) जानेवारीत जाताना २ तास ५५ मिनिटं, येताना २ तास २५. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. समोरच्या स्क्रीनवर जाताना ताशी साडेसातशेच्या आसपासचा वेग, येताना साडेनऊशे. उन्हाळ्यात हा झोत उत्तरेला सरकतो. जूनच्या पानावर फरक जेमतेम दहा मिनिटांचा आहे.

जुलैत मात्र मुंबईच्या पावसाने सगळं वसूल केलं. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. पस्तीस मिनिटं घिरट्या घातल्या. नकाशावर आमच्या विमानाने अक्षरशः जिलबी काढली. तिसऱ्यांदा डहाणू दिसल्यावर शेजारचे काका म्हणाले, "आता चिकू भरूनच निघू."

पण खरा वेळ जमिनीवरच जातो. डोंबिवलीहून टी-२ ला दोन तास, तिथे तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगेचा पट्टा. दार ते दार नऊ-दहा तास, त्यात उडणं तिसरा हिस्सासुद्धा नाही. दुबईत टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो लागते ही मोठी सोय, पण रात्री उशिरा उतरलात तर टॅक्सीच.

रात्रीचं परतीचं विमान मी सोडून दिलं. थोडे पैसे जास्त पडले तरी आता सकाळचं घेतो; ओमानचे उघडे, तपकिरी डोंगर तरी दिसतात. आईनेही आपली पद्धत बदलली. "उतरलो" या फोनवर ती हलत नाही. शिळफाटा ओलांडल्याचं कळवलं, की मग कुकर चढवते.