एस्केप करायचं की पॅरामीटर द्यायचे?

फॉर्ममधून आलेलं नाव एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) कसं घालू, असं एका सहकाऱ्यानं विचारलं: एस्केप करून, म्हणजे अवतरणासारखी खास चिन्हं निष्प्रभ करून, की पॅरामीटर म्हणून, म्हणजे मूल्य क्वेरीपासून वेगळं पाठवून?

सुरक्षिततेत दोन्ही सारखे नाहीतच. एस्केपिंग ‘ओ'ब्रायन’मधलं अवतरणचिन्ह सांभाळतं; पण आकड्याभोवती अवतरणं नसतात, तिथे ‘१ ऑर १=१’ (नेहमी खरी ठरणारी अट) सरळ आत शिरतं आणि सगळ्या ओळी बाहेर येतात. शिवाय एखादी जागा विसरली की दार उघडंच. पॅरामीटरमध्ये क्वेरीचा साचा वेगळा, मूल्य वेगळं. मूल्याची आज्ञा होत नाही.

मेहनतही कमी: क्वेरीत मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, मूल्य जोडा.

मात्र टेबलाचं नाव पॅरामीटरनं देता येत नाही. ते ठरावीक यादीतूनच घ्या. ‘लाइक’मध्ये (नमुन्यानं शोधायच्या अटीत) टक्के, अंडरस्कोर यांचा अर्थ ‘इथे काहीही चालेल’ असा होतो; म्हणून मजकुरातली ही चिन्हं जशीच्या तशी शोधायची तर पॅरामीटर असूनही एस्केप करावी लागतात.

नव्या कोडला पॅरामीटरच. लगेच बदलता न येणाऱ्या जुन्या कोडला तेवढ्यापुरतं एस्केपिंग.