स्ट्रॉबेरी-किवी जॅम: पेक्टिनची पुडी आणावी, की फळ रात्रभर मुरवावं?

महाबळेश्वर-पाचगणीची डिसेंबरातली स्ट्रॉबेरी देखणी असते आणि महागही. ती तशीच खावी. जॅमचे दिवस मार्चमध्ये येतात. तेव्हा भाव उतरलेला असतो, फळ पूर्ण पिकलेलं असतं आणि पाचगणी-भिलारच्या रस्त्याला मोठे डबे सहज मिळतात. या जॅमला किवीची जोड द्यायचं ठरवलंत, की लगेच प्रश्न येतो तो पेक्टिनचा, म्हणजे फळातल्या ज्या घटकामुळे जॅम धरतो, घट्ट होतो, त्याचा. पुडी आणायची, की फळ रात्रभर साखरेत मुरवून, आटवून करायचं?

मी दोन्ही करून पाहिलं आहे. सुरुवातीचे तीन हंगाम पेक्टिनवर काढले, पुढचे चार पेक्टिनशिवाय. दोन्हींची चव उत्तम येते आणि घरी केलेला कुठलाही जॅम मला बाजारच्या जॅमपेक्षा आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. बाजारच्या जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के असावं असा आपल्याकडचा नियम आहे, पण स्ट्रॉबेरीसाठी मात्र २५ टक्केही चालतं. घरी आपण फळाचं वजन साखरेइतकं किंवा त्याहून जास्त घेतो. तेव्हा निवड चांगला की वाईट यातली नाही. तुमचा वेळ, तुमचं पातेलं आणि तुम्हाला जॅम कसा हवा, यातली आहे.

पेक्टिनच्या बाजूनं बोलायचं तर पहिला फायदा वेळेचा. फळ चिरून गॅसवर ठेवल्यापासून बाटल्या भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास लागतो. उकळी जेमतेम दहा मिनिटांची, म्हणून स्ट्रॉबेरीचा लाल रंग झळझळीत राहतो आणि ताज्या फळाचा वास उडून जात नाही. दुसरा फायदा मापाचा. किलोभर फळाला किलोभर साखर आणि आठ-दहा ग्रॅम पेक्टिन घेतलं, तर माझ्याकडे दीड किलोच्या वर जॅम निघायचा. मुरवून आटवलेला तेवढ्याच फळात सव्वा किलोही भरत नाही. दहा घरी बाटल्या द्यायच्या असतील तर हा फरक लहान नाही.

मग मी पुडी का सोडली? एका कारणासाठी. आपल्याकडे घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांवर ‘पेक्टिन पावडर’ एवढंच लिहिलेलं असतं. कसलं पेक्टिन ते लिहिलेलं नसतं.

ही तक्रार किरकोळ वाटेल, मलाही वाटायची. पण पेक्टिन काही एकाच जातीचं नसतं. हाय मेथॉक्सिल जातीला भरपूर साखर आणि आंबटपणा, दोन्ही लागतात, तेव्हाच ते धरतं. लो मेथॉक्सिल जातीला कॅल्शियम लागतं आणि ते मुख्यतः कमी साखरेच्या जॅमसाठी असतं. पहिल्या जातीतही लवकर धरणारं आणि सावकाश धरणारं असे प्रकार आहेत. पहिल्या वर्षी आणलेल्या पुडीनं जॅम इतका घट्ट झाला की चमच्यानं त्याच्या वड्या निघत होत्या. पोळीवर पसरायला गेलं की पोळी फाटायची. दुसऱ्या वर्षी वेगळ्या दुकानातून पुडी आणली. फळ तेच, वजनं तीच, लिंबूही तेवढंच. तीन दिवस झाले तरी बाटलीत सरबतच. वाट पाहून पुन्हा उकळलं, तर रंग विटकरी झाला आणि वास गेला. तिसऱ्या वर्षी जॅम धरला, पण सावकाश, आणि तोवर स्ट्रॉबेरीचे तुकडे सगळे वर तरंगून बसले. वर फळ, खाली लाल जेली. चार किलो फळ, दोन दिवसांची मेहनत आणि हातात काय येणार याचा भरवसा नाही, हे मला सहन होईना.

माझी धाकटी बहीण जर्मनीत असते. तिथे जॅमसाठी पेक्टिन मिसळलेली साखरच मिळते आणि पाकिटावर १:१, २:१, ३:१ असं फळाचं साखरेशी प्रमाण मोठ्या आकड्यांत छापलेलं असतं. ती डोळे झाकून करते आणि दरवेळी तिचा जॅम सारखाच होतो. तशी साखर किंवा माहिती नीट छापलेली पुडी तुम्हाला मिळत असेल, तर माझा हा मुद्दा तुम्हाला लागू होत नाही आणि पुढचं वाचताना ते लक्षात ठेवा. अजून एक गोष्ट आहे. नेहमीच्या पेक्टिनला साखर कमी केलेली चालत नाही. गोड कमी हवं म्हणून किलोला सहाशे ग्रॅम साखर घातली आणि तेवढंच उकळलं, तर जॅम धरतच नाही.

आता किवीकडे येतो, कारण माझ्या मते या जोडीत निर्णय किवी करते. नुसत्या स्ट्रॉबेरीचा जॅम असता, तर मी कदाचित पेक्टिनकडे झुकलो असतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन मुळातच कमी आणि पूर्ण पिकलेल्या फळात आणखी कमी. किवीत पेक्टिनही बऱ्यापैकी असतं आणि आंबटपणाही भरपूर. किवी जितकी कडक तितकं पेक्टिन जास्त. आपल्याकडे दुकानात मिळणारी किवी बहुतेक वेळा दगडासारखीच असते, खाण्यासाठी ती घरात चार-पाच दिवस ठेवावी लागते. जॅमसाठी ठेवू नका, तशीच घ्या. पुडीतून जे विकत आणायचं ते फळातच आलेलं असतं.

एक शंका मला नेहमी विचारली जाते. किवी घातली की जेली धरत नाही, मग जॅम कसा धरेल? जेलीचं ते खरं आहे. कच्च्या किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन हे विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतं, आणि जेली ज्यानं धरते ते जिलेटिन हे प्रथिन आहे. त्याच कारणानं दुधात कच्ची किवी घातली तर थोड्या वेळानं दूध कडवट लागतं. पेक्टिन प्रथिन नाही, त्यामुळे त्याला काही होत नाही, शिवाय उकळल्यावर ते विकर निकामी होतंच.

मुरवण्याची माझी पद्धत आईच्या मोरांब्यावरून घेतलेली आहे. सातशे ग्रॅम स्ट्रॉबेरी, सोललेली तीनशे ग्रॅम किवी (मध्यम आकाराच्या चार भरतात), साडेसहाशे ग्रॅम साखर आणि एका मोठ्या लिंबाचा रस. स्ट्रॉबेरी लहान असेल तर अख्खी, मोठी असेल तर दोन फोडी. किवीच्या मधला पांढरा दांडा काढून टाकायचा, तो शिजत नाही. सगळी स्ट्रॉबेरी आणि निम्मी किवी संध्याकाळी साखर-लिंबात घालून झाकून फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी पातेल्यात फोडी अर्ध्याअधिक लाल रसात बुडालेल्या असतात. साखरेनं फळातलं पाणी ओढून घेतलेलं असतं आणि त्या जागी साखर आत शिरलेली असते.

आता झाऱ्यानं फोडी बाजूला काढा आणि आधी नुसता रस उकळा. मोरांब्याला पाक आधी होतो आणि कैरी मग, तसंच. रस दाटसर झाला की फोडी परत आत. उरलेली किवी शेवटच्या चार-पाच मिनिटांत. फळ आचेवर थोडाच वेळ राहतं, त्यामुळे फोडी मोडत नाहीत, आणि आत साखर शिरलेली असल्यानं बाटलीत वरही येत नाहीत. माझा हा जॅम पेक्टिनच्या जॅमइतका उभा राहत नाही. चमच्यावरून सावकाश घरंगळतो. मुलीच्या डब्यात पोळीला लावून गुंडाळी करायला मला तो असाच हवा असतो. ब्रेडवर जाड थर उभा राहिलेला आवडत असेल, तर तुमचं मत वेगळं पडेल.

त्रास या पद्धतीतही आहेत. एका वेळी किलो-दीड किलोच्या वर फळ घेऊ नये. खोल पातेल्यात चार किलो घेतलं तर तासभर आटत बसतं आणि फळाचा पार गोळा होतो. पसरट, जाड बुडाची स्टीलची कढई लागते. अ‍ॅल्युमिनियमची नको, आंबटपणामुळे जॅमला धातूची चव उतरते. रस उकळायला पंधरा मिनिटं आणि पुढे दहा-बारा, एवढा वेळ गॅसपासून हलता येत नाही. फेस भरपूर येतो. अर्धा चमचा तूप टाकलं की बसतो, पण आमच्याकडे तो काढून ठेवावाच लागतो. गरम पोळीबरोबर तो गुलाबी फेस खायला सगळे आधीच रांगेत असतात.

जॅम झाला कधी म्हणायचा, इथे बरेच जण फसतात. परदेशी पाककृतींत १०४-१०५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं माप आहे. मुंबई-रत्नागिरीत चालेल. पुणं साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला, तेराशे मीटरच्या वर, ते ९५-९६ अंशांतच उकळतं. म्हणून मी आकडा लक्षात ठेवत नाही. आपल्या गावात पाणी ज्या अंशावर उकळतं त्याच्या साडेचार-पाच अंश वर, हा हिशेब धरतो. पुण्यात १०५ ची वाट पाहत राहिलो तेव्हा गार झाल्यावर बाटलीतून चमचा बाहेर येईना. थर्मामीटर नसेल तर बशी पुरते. फ्रीझरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद. ही परीक्षा घेताना कढई आचेवरून खाली उतरवून ठेवा, नाहीतर तेवढ्यात पुढे जाते.

रंगाबद्दल खरं ते सांगतो. किवी कापल्यावर दिसते तशी पोपटी दोन्ही पद्धतींत राहत नाही. आंबट रसात उष्णता लागली की हिरवा रंग शेवाळी होतो. पेक्टिनच्या जॅममध्ये एकूण रंग उजळ असतो, हे मान्य. शेवटी घातलेल्या किवीच्या फोडी माझ्या जॅममध्ये फिकट शेवाळी दिसतात, काळ्या बिया मात्र लाल रसात सुरेख उठून दिसतात. पिवळी किवी घेतली तर हा प्रश्न जवळपास मिटतो, पण ती महाग आणि कमी आंबट, म्हणून लिंबू वाढवावं लागतं. कुठलीही पद्धत घ्या, किवी मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया फुटल्या की जॅममध्ये कडवट, तिखटसर चव उतरते आणि ती साखरेनं झाकली जात नाही.

स्ट्रॉबेरीची जातही पाहून घ्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथेही जाती अनेक लावतात. स्वीट चार्ली खायला गोड आणि मऊ, आटवताना लवकर मोडते. कॅमारोसा घट्ट आणि आतपर्यंत लाल, जॅमला मला तीच बरी वाटते. विकणाऱ्याला जात विचारली तर बहुतेक जण सांगतात. डब्यात चार-सहा फळं देठाशी पांढुरकी असतील तर ती काढून टाकू नका, पेक्टिन त्यांतच जास्त असतं.

चिया बी किंवा चायना ग्रास घालून केलेले प्रकारही लोक करतात. मी दोन्ही एकेकदा केले. आठवडाभरात संपवायचं असेल तर ठीक, पण मला तो जॅम वाटला नाही.

टिकण्यात पेक्टिनचा, पूर्ण साखरेचा जॅम पुढे आहे. माझा मी फ्रिजमध्येच ठेवतो आणि दोन महिन्यांत संपवतो. एकाच दिवशी आठ-दहा किलोचा घाट घालायचा असेल, उन्हाळाभर बाटल्या बाहेर ठेवायच्या असतील किंवा विकायच्या असतील, तर पेक्टिनच घ्या. मात्र एकाच ठिकाणाहून, जात विचारून घ्या, आणि गाठी होऊ नयेत म्हणून पावडर पाचपट साखरेत कोरडीच मिसळून मगच उकळत्या फळात भुरभुरवा. घरापुरता करायचा असेल आणि कडक किवी हाताशी असेल, तर पुडीची गरज तुम्हाला पडेल असं मला वाटत नाही.

ठरतच नसेल तर एक करता येईल. पुडी आणून ठेवा, पण फळ संध्याकाळीच चिरून याच मापानं साखरेत घाला. दुसऱ्या दिवशी रस उकळून फोडी घातल्यावर गार बशीवर थेंब टाकून पाहा. सुरकुती पडली, तर पुडी न फोडता तशीच ठेवा. मे महिन्यात अननसाच्या जॅमला तिचा खरा उपयोग होईल, कारण अननसात पेक्टिन फारसं नसतं.