टिळकवाडीतील दहावीची गणित शिकवणी: वर्गसमीकरणांपुरता अभिप्राय

यंदा एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेला, बसणाऱ्या भाचीला आम्ही बेळगावात टिळकवाडीतील एका शिकवणीला घातले. वर्गसमीकरणांचे प्रकरण संपेपर्यंत तिची वही मी पाहत आलो असल्यामुळे हा अभिप्राय त्या प्रकरणापुरताच आहे.

वर्गसमीकरण सोडवताना उजव्या बाजूला शून्यच का घ्यायचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी ‘सूत्रच तसे आहे’ म्हणून उरकला जातो. येथील सरांनी मात्र आधी चूक फळ्यावर येऊ दिली. खानापूरकडच्या भाताच्या तरव्याचा वाफा, लांबी रुंदीपेक्षा ३ मीटर जास्त आणि क्षेत्रफळ ४० चौरस मीटर, म्हणजे क्ष(क्ष + ३) = ४०. मुलांनी लगोलग ‘क्ष = ४० किंवा क्ष + ३ = ४०’ असे लिहिले. गुणाकार ४० येण्यासाठी ५ व ८, ४ व १०, अडीच व १६ अशा कितीही जोड्या चालतात, म्हणून त्यावरून एकाही अवयवाची किंमत ठरत नाही. गुणाकार शून्य असेल तरच दोहोंपैकी निदान एक अवयव शून्य असावा लागतो, आणि हा गुण अन्य कोणत्याही संख्येत नाही. त्यानंतरच क्ष² + ३क्ष − ४० = ०, मग (क्ष − ५)(क्ष + ८) = ० आणि ५ व −८ ही मुळे आली. रुंदी ऋण नसते, हे मुलांकडूनच वदवून घेतले.

विवेचकाची बाजूही चोख झाली. क्षच्या सहगुणकाच्या वर्गातून क्ष²चा सहगुणक आणि स्थिरपद (क्ष नसलेले पद) यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली की विवेचक मिळतो; तो ऋण आला तर वास्तव मुळे नसतात. स्थिरपद −४० ऐवजी ४० धरले तर ९ − १६० = −१५१ येते आणि वास्तव मुळेच उरत नाहीत; चिन्हासह वाचले तर ९ + १६० = १६९ येते. आलेखाला मात्र जेमतेम दहा मिनिटे मिळाली.

माझा आक्षेप पूर्ण वर्ग पद्धतीबद्दल आहे. तिथेही ४० आधी डावीकडे आणून पुन्हा उजवीकडे पाठवायला लावतात, जो निव्वळ हेलपाटा आहे. भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात दिलेल्या, त्यांच्या आधीचे गणिती श्रीधराचार्य यांच्या रीतीत स्थिरपद पलीकडेच राहते: दोन्ही बाजूंना ४ ने गुणून ९ मिळवले की (२क्ष + ३)² = १६९. शून्याची गरज अवयव पाडताना असते, वर्ग पूर्ण करताना नव्हे, एवढे एक वाक्य सांगायला हवे होते.

सर मराठीत आणि लागेल तिथे कन्नडमध्ये समजावतात. सरावाच्या पत्रिका मात्र केवळ इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांना शाब्दिक उदाहरणे घरी कुणाकडून तरी उलगडून घ्यावी लागतात.