मोफत श्रवणयंत्र: शिबिराचा एक दिवस आणि नंतरचे आठ महिने

दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून माझ्या ७२ वर्षांच्या आईला पुण्यातील एका शिबिरात दोन्ही कानांसाठी डिजिटल श्रवणयंत्रे मिळाली. आठ महिने ती वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

आधी यंत्राविषयी. कानामागे बसणारे हे यंत्र उत्तम आहे. पहिल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या गं मला." गेली चार वर्षे ती शिट्टीऐवजी घड्याळाकडे बघून गॅस बंद करत होती. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर यंत्र पूर्ण मोफत आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत मिळते. बाजारातील किमती पाहता, आमच्यासारख्या घराला हा फार मोठा आधार आहे.

त्याआधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी तीन हेलपाटे झाले, परंतु ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढणाऱ्या ताईंनी आईला समोर बसवून, ओठ दिसतील असे सावकाश बोलून सर्व समजावले, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

शिबिराची व्यवस्था मात्र मला अजूनही खटकते. श्रवणयंत्रांसाठी जमलेल्या लोकांची नावे तेथे तोंडी पुकारली जात होती. आमच्या शेजारी बसलेल्या एका कर्णबधिर तरुणाचे नाव दोनदा पुकारून झाले आणि पुढचा माणूस आत गेला; त्या तरुणाच्या हातातील कागदावरच्या नावाकडे माझी नजर गेली नसती, तर त्याचा दिवस वाया गेला असता. भिंतीवर क्रमांक दाखवणारा एक फळा आणि खुणांची भाषा जाणणारी एक व्यक्ती, एवढ्यावर हे टळले असते. यासाठी लागणारा पैसा यंत्रांच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

खरी अडचण यंत्र घरी आल्यावर सुरू झाली. एक बॅटरी साधारण दहा दिवस पुरते, म्हणजे दोन कानांना महिन्याला सहा, आणि त्या पाकिटाला अडीचशे-तीनशे रुपये पडतात. शिबिरात मिळालेल्या बॅटऱ्या संपल्यावर आई काटकसर म्हणून दुपारभर यंत्र काढून ठेवू लागली. ही बॅटरी हवेवर चालते. तिच्यावरचा स्टिकर एकदा काढला की ती वापरात नसतानाही झिजत राहते, हे आम्हाला खूप उशिरा कळले. शिबिरात कोणी दोन वाक्यांत सांगितले असते, तर आई दुपारभर विनाकारण बहिरी राहिली नसती. सहाव्या महिन्यात डाव्या कानाचा मोल्ड (कानात बसणारा साचा) सैल होऊन यंत्र शिट्टी मारू लागले. शिबिराच्या पावतीवरील क्रमांकावर चार वेळा फोन केला, पण कोणी उचलला नाही. अखेर खासगी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) पदरचे पैसे देऊन नवा मोल्ड करून घेतला.

याच योजनेत लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणसाधनासाठी) सात लाखांपर्यंत तरतूद आहे, आणि तेथे शस्त्रक्रियेनंतरचे मॅपिंग (साधनाची जुळवणी) व वाचा-उपचार यांचाही विचार केलेला आहे. श्रवणयंत्र घेणाऱ्या वृद्धांसाठी तसाच विचार का नसावा? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून पुण्याच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात महिन्यातून एक दिवस बॅटरी, मोल्ड आणि दुरुस्तीची सोय व्हावी, असा अर्ज मी गेल्या आठवड्यात आईच्या सहीने दिला आहे.

यंत्राला पाचपैकी पाच, शिबिराला दोन, नंतरच्या सेवेला शून्य.