डीएम-मल्टिपाथ, आठ महिन्यांनंतर: वाट 'रेडी' दिसते, पण त्यावरून डेटा जातो का?

चाकणच्या एका कारखान्यात तीन सर्व्हरचं प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारं) क्लस्टर माझ्याकडे आहे. खाली दोन कंट्रोलरचं सामाईक आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देणारं) स्टोरेज, मध्ये दोन वेगळे स्विच. प्रत्येक सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डं दोन्ही कंट्रोलरशी जोडलेली, म्हणजे एका लनला (स्टोरेजनं दिलेल्या एका डिस्कला) चार वाटा. त्या सांभाळायला, एक तुटली तर दुसरीवरून काम चालवायला लिनक्सचं डीएम-मल्टिपाथ. आठ महिन्यांत ते काढून टाकावं असं एकदाही वाटलं नाही, पण दोनदा त्यानं माझी झोप उडवली.

पहिल्याच आठवड्यात मी मुद्दाम एक केबल उपटून पाहिली. वाट बदलायला दोन मिनिटांहून जास्त लागली आणि तेवढा वेळ त्या सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन ठप्प. आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट मुळात १२० सेकंदांचा असतो. तोवर ते तुटलेलं सेशन परत जुळेल या आशेवर थांबतं, वर मल्टिपाथला काही कळवतच नाही. एकच वाट असेल तर हे योग्य, चार असताना नाही. मी कॉन्फिग फाइलमध्ये १५ केले, सर्व्हिस रिस्टार्ट केली, केबल काढली. परत तेच! त्या फाइलमधला आकडा नव्यानं शोधलेल्या टार्गेटलाच (स्टोरेजच्या बाजूलाच) लागू होतो, आधीच्या टार्गेटच्या नोंदी वेगळ्या बदलाव्या लागतात आणि मग लॉगआउट-लॉगिन. मशीन दुसरीकडे हलवत एकेक सर्व्हर केला. आता साधारण २५ सेकंदांच्या आत वाट बदलते.

त्याच वेळी लनची नावंही पक्की करून टाका. आपोआप मिळणारं 'एमपाथए' हे नाव प्रत्येक सर्व्हर आपापल्या फाइलमधून देतो, त्यामुळे एका सर्व्हरवरचं 'ए' दुसऱ्यावर 'बी' असू शकतं. डब्ल्यूडब्ल्यूआयडीला (लनच्या कायमच्या ओळख क्रमांकाला) धरून अलियस, म्हणजे आपलं नाव, दिला की हा घोळ होत नाही. सगळ्या वाटा गेल्यावर कायम रांगेत थांबायचं सेटिंगही मी काढलं आणि १२ वेळा प्रयत्न ठेवले. पाच सेकंदांच्या तपासणीनं तो एक मिनिट होतो. क्लस्टरमध्ये अडकून पडलेल्या प्रोसेसपेक्षा सरळ एरर आलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रसंग चौथ्या महिन्यातला. रात्री अकराला डिस्पॅचमधून फोन आला, "साहेब, चलन निघत नाहीये, तीन गाड्या गेटवर उभ्या आहेत." चलनाच्या त्या सर्व्हरवर मल्टिपाथची यादी काढली तर चारही वाटा 'ॲक्टिव्ह रेडी रनिंग'. थोड्या वेळानं पाहिलं तर एक 'फॉल्टी'. पुन्हा पाहिलं तर रेडी. कर्नलच्या लॉगमध्ये पाच सेकंदांच्या पिंग टाइमआउटच्या ओळीच ओळी.

त्याच दुपारी एक स्विच बदलला होता. आमचं सगळं स्टोरेज नेटवर्क ९००० एमटीयूवर (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये), आणि या सर्व्हरचा पोर्ट नव्या स्विचवर १५०० वरच राहिला होता. लॉगिन छोटं, मल्टिपाथची टीयूआर तपासणी (फक्त 'तयार आहेस का?' विचारणारी) त्याहून छोटी, दोन्ही आरामात पार. खरा डेटा आला की मोठी फ्रेम पोर्टवर गळून जायची, त्यामागचं सगळं अडायचं, सेशन तुटायचं. मग पुन्हा लॉगिन, तपासणी पास, आणि मल्टिपाथ पुन्हा त्याच वाटेवर काम पाठवायचं. साधा पिंगही जात होता. फ्रॅगमेंट न करता ८९७२ बाइटचा पिंग मारला, तेव्हा एकही उत्तर आलं नाही. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंगच्या) हेडरचे ८ वजा केले की ८९७२ उरतात, हा आकडा मी आता रॅकच्या दारावर चिकटवलाय. त्या कार्डावरची दोन्ही सेशन लॉगआउट केली आणि गाड्या सुटल्या.

वाट पूर्ण मेली तर मल्टिपाथ तिला बाजूला काढतं, अर्धमेली असेल तर मात्र झाकून ठेवतं. म्हणून महिन्यातून एकदा मी प्रत्येक वाट एकेकटी चालवून तिच्यावरून मोठं रीड करून बघतो.

गेल्या आठवड्यात दुसरा स्विच बदलला. सेशन जोडण्याआधीच तिन्ही सर्व्हरवरून ८९७२ चा पिंग मारला. तिसऱ्या सर्व्हरचा पोर्ट १५०० वर निघाला.