४०एक्सला भुलू नका, साधं १०एक्स आयग्लास घ्या

पणजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ आईने मला दिलं, त्याच्या झाकणात मारलेले बारीक ठसे वाचायचे होते म्हणून ऑनलाइन ४०एक्स (चाळीस पट मोठं दाखवणारं) लिहिलेलं, एलईडीवालं आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, मागवलं, ३४९ रुपयांना. पैसे पाण्यात. दिवा लावला की चांदी अशी चकाकते की ठसा दिसायचाच बंद, आणि एका वेळी दिसतं इतकुसं की ठशातल्या सिंहाची शेपटी सापडली तर डोकं गायब. परत करायची मुदत संपलेली, सो आता लेक त्याने मुंग्या बघतो.

मग रविवार पेठेतून घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं काळं १०एक्स आणलं, १८० रुपये, दिवाबिवा काही नाही. सकाळी खिडकीपाशी बसून झाकण नखाने उघडायचं आणि जरा तिरकं धरायचं, ठशांच्या कडेला सावली पडते नि सगळं उठून दिसतं. चालणारा सिंह, म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. मग नांगर, शेतातला नव्हे जहाजाचा, म्हणजे चांदी बर्मिंगहॅमला तपासलीय (तिथे समुद्र कुठाय, पण खूण तीच!). मग वर्षाचं अक्षर, म्हणजे चांदी कुठल्या वर्षी तपासली त्याची खूण. इथे १०एक्सचा खरा उपयोग, कारण तेच अक्षर पंचवीसेक वर्षांनी परत येतं, बदलतो फक्त अक्षराचा टाइप (वळण) आणि भोवतीच्या चौकटीचा आकार, तो नीट दिसला नाही तर एका फटक्यात पाव शतक चुकतं.

आणि शेवटी ए.एल.डी. म्हणजे आरन लफ्किन डेनिसन. मला वाटलं घड्याळ यानेच बनवलं, तर नाही, हा ठसा केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं चांदीचं कवच, बनवणाऱ्याचा. आतल्या मशीनवर नाव वॉल्थमचं, अमेरिकेतलं. गंमत म्हणजे जी कंपनी पुढे वॉल्थम म्हणून गाजली ती उभी करणाऱ्यांत हाच डेनिसन होता, नंतर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये बर्मिंगहॅमला केसचा धंदा काढला! मशीनच्या सिरीयल नंबरवरून वर्ष वेगळं काढता येतं, माझ्या घड्याळात केसचं वर्ष आणि मशीनचं वर्ष यांत दोनच वर्षांचा फरक निघाला, म्हणजे जोडी मूळचीच असावी.

मामाकडच्या स्विस घड्याळातली तीन अस्वलं आणि ०.९३५ (तिकडची चांदीची खूण, हजारात ९३५ भाग) पण या १०एक्समधून स्वच्छ दिसलं.

एका सराफाने तर सिंहाकडे न बघताच "जर्मन सिल्व्हर आहे ताई, मोडीत द्या" म्हणून मोकळं केलं होतं मला (जर्मन सिल्व्हर म्हणजे नावालाच सिल्व्हर, त्यात चांदी नसते). आणि घासायला जाऊ नका हं. आजी दर दसऱ्याला रांगोळीने घासायची, बाहेरची नक्षी पार सपाट झालीय, ठसे आत होते म्हणून राहिले.

तक्रार एकच, चष्मा काढून लावावं लागतं आणि जरा हसलं की डोळ्यातून सटकतं, एकदा चहात पडलंय. साडेचार स्टार.